इश्यूलेस

मधुसूदनरावांचं इंग्रजी पक्कं आहे, हे नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या त्यांच्या फ्लॅट स्कीममध्ये, म्हणजे सोसायटीत, सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्याला माहीत नसेल त्याला ते स्वतःच माहीत करून देत. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत त्यांनी उभी हयात मसुदे लिहिण्यात घालवली होती. साहेब बदलले, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, पण पत्रात नेमका कुठला शब्द बसवायचा हे विचारायला लोक त्यांच्याच टेबलाशी येत. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, सवय सुटली नाही. स्कीममध्ये कुणाला बँकेला अर्ज करायचा असो की कुणाच्या पोराला व्हिसासाठी चार ओळी हव्या असोत, मधुसूदनराव चष्मा पुसून तयार. चहाखेरीज त्यांची कसली अपेक्षा नसे. फक्त त्यांनी घातलेला शब्द कुणी बदललेला त्यांना खपत नसे.

मागच्या वर्षीचीच गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या विहंगचे वडील गेले. स्कीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी घाईघाईत लिहिलं, की आम्ही सर्व आपल्या वडिलांचं निधन 'कंडोन' करतो. आता 'कंडोल' म्हणजे दुःखात सहभागी होणं आणि 'कंडोन' म्हणजे एखाद्याच्या अपराधाकडे काणाडोळा करणं. मधुसूदनरावांना राहवलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, दोन्ही शब्दांतला फरक उदाहरणांसह समजावून दिला. विहंग तेव्हा घाटावरून परतलाही नव्हता. सुमतीबाईंनी, म्हणजे मधुसूदनरावांच्या पत्नीने, त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि दिवसभर दिला नाही. चूक होती ती, असं मधुसूदनराव पुन्हा पुन्हा सांगत होते. चूक होतीच, सुमतीबाई म्हणाल्या, पण तुम्हाला कुणी विचारली होती का? यावर त्यांनी पेपर उघडला. कुठे अडले की ते पेपर वाचायला घेत.

अशा माणसाकडे बाबाराव आपल्या मुलीचा बायोडाटा लिहून घ्यायला आले, यात नवल काहीच नव्हतं.

बाबाराव समोरच्याच दाराचे. मूळचे उमरेडचे, वडिलांच्या काळापर्यंत घरात हातमाग चालत होते. बाबारावांनी मागावर बसण्याऐवजी साड्या विकायचं ठरवलं आणि सक्करदऱ्याच्या बाजारात दुकान टाकलं. बायको लवकर गेली. मुलगी सोनिका अर्धीअधिक सुमतीबाईंच्या स्वयंपाकघरात वाढली. पुढे तिचं लग्न भंडाऱ्याला झालं आणि तिला मुलगी झाली, चिन्मयी. चिन्मयी चालायला शिकली, बोलायला लागली, आणि एका तापात गेली. त्यानंतर त्या घरात कुणी कुणाला दोष दिला नाही, पण नवरा-बायकोला एकमेकांच्या तोंडाकडे पाहणं जमेना. शेवटी दोघांनी राजीखुशीने घटस्फोट घेतला आणि सोनिका बापाकडे परत आली. सदरमध्ये डोळ्यांच्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसू लागली. लेकराचं नाव घरात निघत नसे. तिला त्रास होईल म्हणून बाप काढत नसे, आणि बापाला त्रास होईल म्हणून ती.

काही वर्षं अशीच गेली. मग एक दिवस सोनिकाच म्हणाली, बाबा, पाहायचं असेल तर पाहा. हे बाबारावांनी मधुसूदनरावांना दोनदा सांगितलं. पोरीला पुन्हा संसार करावासा वाटतो आहे, तो तिला मिळालाच पाहिजे, याशिवाय त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सदरमधल्या एका विवाह मंडळात ते चौकशी करून आले होते. तिथे बायोडाटा इंग्रजीत मागत.

मधुसूदनरावांनी जन्मतारीख, उंची, शिक्षण भराभर लिहून काढलं. बाबारावांच्या आग्रहावरून 'इंग्रजी फ्लुएंट' हेही लिहिलं, जरी सोनिकाचं इंग्रजी 'प्लीज वेट' आणि 'नेक्स्ट पेशंट' यांच्या पुढे फारसं जात नव्हतं. मग घटस्फोटाची ओळ आली आणि बाबारावांनी आवाज खाली आणला. लेकराचं लिहावंच लागते का, त्यांनी विचारलं. लोक वाईट असतात. आजार खानदानात आहे का म्हणतील, पोरीचा पायगुण काढतील, वाचल्या वाचल्या कागद बाजूला ठेवतील.

मधुसूदनरावांनी पेन खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. कागदावर त्यांनी एकच शब्द लिहिला. इश्यूलेस.

"इश्यू म्हणजे अपत्य," ते म्हणाले. "कायद्याच्या भाषेत हयात अपत्य. हयात अपत्य नाही, म्हणून इश्यूलेस. यात एक अक्षर खोटं नाही, बाबाराव, आणि एक अक्षर जास्तही नाही."

"पण झाली होती ना पोरगी," बाबाराव म्हणाले.

ते मधुसूदनरावांनी पुन्हा समजावलं. झाली होती याला हा शब्द नाही म्हणत नाही. तो फक्त आज काय आहे तेवढं सांगतो. बाबारावांना ते पटलं, निदान पटावंसं वाटलं. एका शब्दात काम झालं, असं म्हणून त्यांनी हात जोडले. मधुसूदनरावही त्या दिवशी खुशीत होते. नेमका शब्द सापडला की त्यांना दुपारची झोप छान लागत असे. जिच्याबद्दल तो शब्द होता ती तेव्हा दवाखान्यात होती, आणि तिला विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

कागद मंडळात गेला आणि महिन्याभरात रामटेकचं स्थळ आलं. मुलाचं नाव प्रीतम. गावात त्याची भाताची गिरणी होती. त्याची बायको किडनीच्या दुखण्यात गेली होती, मूल नव्हतं, घरात आई तेवढी. सोनिका आणि तो फोनवर बोलायला लागले. सुमतीबाईंकडे रोजच्या रोज बातमी येई आणि तिथून ती, मागितली नसतानाही, मधुसूदनरावांकडे पोचे. पोरगा शांत आहे म्हणतात. आईला विचारल्याशिवाय काही करत नाही, पण आईच्या ताटाखालचं मांजरही नाही. सोनिका जिन्यातून गुणगुणत उतरते, हे तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. या सगळ्यात आपल्या मसुद्याचाही थोडा वाटा आहे, असं मधुसूदनरावांना वाटे, आणि ते तसं सुमतीबाईंना बोलूनही दाखवत.

मग एका रविवारी प्रीतम नागपुरात आला. दोघं सदरमध्ये कुठेतरी जाऊन बसली, बोलली. आणि त्या दिवसापासून रामटेकचा फोन बंद झाला. आठवडाभराने प्रीतमच्या आईचा निरोप आला, की आम्हाला जरा विचार करावा लागेल, पोरीनं एक सांगितलं आणि निघालं एक. बाबारावांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही.

सोनिका मधुसूदनरावांकडे आली ती त्यानंतरच्या दुपारी. थंडीचे दिवस होते. सुमतीबाई जमिनीवर बसून मटार सोलत होत्या आणि मधुसूदनराव खुर्चीत शब्दकोडं सोडवत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, "काका, इश्यू म्हणजे काय?"

असा प्रश्न कुणी विचारला की मधुसूदनरावांचं वय कमी होत असे. त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. मासिकाचा अंक निघतो तो इश्यू. रेशन कार्ड इश्यू करतात ते देणं, जारी करणं. चर्चेतला मुद्दा म्हणजे इश्यू. भानगड, अडचण, तीही इश्यू. हल्ली लोकांना तेवढाच अर्थ ठाऊक असतो. आणि कायद्यात इश्यू म्हणजे संतती, लेकरूबाळ. एका शब्दाचे किती अर्थ असतात पाहा, असं म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पंजा तसाच हवेत राहिला.

"मले चौथाच माहीत होता," सोनिका म्हणाली.

ती खाली सुमतीबाईंजवळ बसली. मटाराच्या शेंगा घेऊन सोलता सोलता तिने सगळं सांगितलं. दवाखान्यात दिवसभर हा शब्द कानावर पडतो. कार्डाचा इश्यू आहे का, पेमेंटचा इश्यू आहे का, नो इश्यूज मॅडम. बायोडाट्यात 'घटस्फोटित, इश्यूलेस' वाचलं तेव्हा तिला वाटलं, काकांनी किती छान लिहिलं. कोर्टकचेरी नाही, भांडणतंटा नाही, राजीखुशीने झालेला घटस्फोट आहे, असं त्यांनी एका शब्दात सांगून टाकलं. पुढे एकदा फोनवर प्रीतमने अडखळत अडखळत विचारलं होतं, तुमच्या कागदावर इश्यूलेस लिहिलं आहे, म्हणजे काहीच नव्हतं का? त्याला विचारायला जड जात होतं, हे तिला कळलं. घटस्फोटाबद्दल विचारतो आहे, म्हणून जड जात असेल, असं तिला वाटलं.

"मी हसली, काका," ती म्हणाली. "म्हटलं, अजी, काहीच इश्यू नव्हता. सगळं क्लियर आहे. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

सुमतीबाईंचे मटार सोलणारे हात थांबले होते. सोनिका पुढे सांगत गेली. भेटीच्या दिवशी बाजूच्या टेबलावर एक लहान मुलगी दोन्ही हातांनी आइस्क्रीम खात होती. तिला पाहून सोनिकाच्या तोंडून आपणहून निघालं, आमचीही अशीच खायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती कुणाजवळ तसं बोलली होती, आणि बोलायला तिला बरंही वाटत होतं. प्रीतमने एवढंच विचारलं, की फोनवर तसं काहून सांगितलं? तिला प्रश्नच कळला नाही. तो उठून गेला. काल रात्री जेवण झाल्यावर तिने मोबाइलवर तो शब्द शोधला, तेव्हा तिला कळलं.

"म्हणजे मी हसून सांगितलं त्याले, का मले लेकरूच झालं नाही. तुम्ही लिहिलं ते लिहिलं. पण मी माझ्या तोंडानं सांगितलं."

मधुसूदनरावांच्या तोंडी उत्तर तयार होतं. कायद्याच्या भाषेत हयात अपत्य, एक अक्षर खोटं नाही. त्यांनी 'कायद्याच्या' इतकं म्हटलं, आणि पुढचं त्यांना म्हणता येईना. सोनिकाने सोललेले दाणे सुमतीबाईंच्या परातीत टाकले आणि ती उठून गेली. सुमतीबाई खाली मान घालून मटार सोलत राहिल्या. त्या बोलल्या असत्या तर मधुसूदनरावांना सोपं गेलं असतं. आज त्यांना पेपरही घेता आला नाही.

संध्याकाळी बाबाराव आले. त्यांना आता आशेचा एक किरण दिसत होता. रामटेकच्या लोकांचं म्हणणं काय, तर पोरीनं खोटं सांगितलं. पण शब्द तर कायद्यानं बरोबर आहे. मग खोटं कुठं झालं?

"तुम्ही संगं चला, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही त्यायले सांगा, शब्द बरोबर हाये. सरकारी माणूस सांगते म्हटल्यावर आयकतील ते. पोरीचं घर बसते तर बसू द्या."

मधुसूदनराव हो म्हणाले. खरं तर त्यांना जरा उभारी आली. शब्द बरोबर आहे हे सिद्ध करायचं, तर त्यांच्याइतका लायक माणूस नागपुरात शोधून सापडला नसता. त्यांनी कपाटातून कायद्याची जाड डिक्शनरी काढली, ते पान शोधलं आणि तिथे खूण घालून ठेवली.

रविवारी सकाळी बाबारावांच्या दुकानाच्या व्हॅनमधून सगळे निघाले. पुढे बाबाराव आणि त्यांच्या शेजारी डिक्शनरी मांडीवर घेतलेले मधुसूदनराव. मागे साड्यांच्या गठ्ठ्यांत जागा करून सुमतीबाई आणि सोनिका. सोनिकाने येऊ नये असं बाबारावांचं मत होतं, पण ती आपणहून व्हॅनमध्ये येऊन बसली आणि तिला उतर म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

कामठी मागे पडेपर्यंत मधुसूदनराव मनातल्या मनात बोलणं जुळवत होते. आधी शब्दाची व्याख्या सांगायची, मग वारसा कायद्यातलं एखादं उदाहरण, मग निष्कर्ष. मुलीने वापरलेला शब्द अचूक होता, सबब मुलीने खोटं सांगितलेलं नाही. जुळवता जुळवता ते त्या 'सबब'पाशी अडले. शब्द अचूक होता आणि तो तिने समजून वापरला, असं एकदा ठरलं, की मग ती हसली ते काय? लेकरू जाऊन काही वर्षं झालेली आई, विचारणाऱ्याला हसून सांगते, काहीच नव्हतं, सगळं क्लियर आहे. आपण तिची बाजू जितकी पक्की मांडू तितकी ती त्या लोकांना दगडाच्या काळजाची वाटेल. मधुसूदनरावांच्या कपाळावर थंडीतही घाम आला. आरशात त्यांना मागे बसलेली सोनिका दिसत होती. तिने खिडकीकडे तोंड केलं होतं आणि सुमतीबाईंचा हात तिच्या हातावर होता. बाबारावांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? बरी आहे, ते म्हणाले.

प्रीतमचं घर गिरणीला लागूनच होतं. नव्या भाताचा हंगाम असल्याने गिरणी धडधडत होती आणि अंगणात, ओट्यावर, तुळशीच्या पानांवरसुद्धा कोंड्याचा बारीक थर बसला होता. पाहुणे आलेले पाहून प्रीतमने गिरणी बंद केली, आणि एकदम इतकी शांतता झाली की सगळ्यांना आपापला आवाज मोठा वाटू लागला. मधुसूदनराव आत शिरले ते मोकळ्या हातांनी. डिक्शनरी व्हॅनमध्येच राहिली.

रंभाबाईंनी, म्हणजे प्रीतमच्या आईने, पाणी दिलं, चहा दिला, पण चेहऱ्यावरची घडी मोडली नाही. बाई उंच, हाडापेराने मोठी आणि बोलायला मोजकी. बाबाराव तिच्याकडे न पाहताच बोलायला लागले. गैरसमज झाला म्हणाले, पोरीनं काही लपवलं नाही म्हणाले, आणि शेवटी मधुसूदनरावांकडे हात करून म्हणाले, साहेब सांगतील, यांना कायदा माहीत आहे.

सगळे मधुसूदनरावांकडे पाहू लागले. एका शब्दाचा अर्थ ऐकायला सगळी बैठक कान टवकारून बसली आहे, असा योग त्यांच्या आयुष्यात कचेरीतही फारसा आला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तो शब्द मी लिहिला," ते म्हणाले. "डिक्शनरीत पाहाल तर बरोबरच आहे. पण बरोबर आहे म्हणूनच मी तो लिहिला, असं नाही. लेकराचं सांगावं लागू नये म्हणून लिहिला. आणि जिच्याबद्दल लिहिला तिला त्याचा अर्थ सांगितला नाही. तिला वाटलं, इश्यू म्हणजे भानगड. घटस्फोटाची भानगड नव्हती, एवढंच ती तुम्हाला फोनवर म्हणाली, प्रीतमराव. लेकरू नव्हतं असं ती म्हणाली नाही. ती तसं कधी म्हणणार नाही."

बाबाराव त्यांच्याकडे बघतच राहिले. आणलं कशासाठी आणि हा माणूस बोलून काय राहिला, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

प्रीतमने सोनिकाला विचारलं, खरं आहे का हे. तिने मान वर केली.

"हो. मले अर्थ माहीत नव्हता. कागदावर इंग्रजी फ्लुएंट लिहिलं आहे, तेही खरं नाही."

हे ऐकून प्रीतमच्या चेहऱ्यावर हसू आलंसं वाटलं, पण ते टिकलं नाही. तो बराच वेळ हातावरचा कोंडा झटकत राहिला. मग आईकडे पाहत, जणू तिलाच सांगतो आहे असा, बोलायला लागला. लेकरू होतं याचं त्याला काही वाटलं नव्हतं. असेल तर असेल, त्याचं स्वतःचं माणूस गेलं होतं, गेलेलं माणूस म्हणजे काय हे त्याला कळत होतं.

"पण ते हसणं माह्या कानातून जाऊन नव्हतं राहिलं," तो म्हणाला. "मले भेव वाटला. मी उद्या मेलो तर माह्यावरही असंच हसंल का ही, असं वाटलं."

सोनिकाच्या गालावरून पाणी ओघळलं आणि तिने ते पुसलंही नाही. सुमतीबाई पदराशी चाळा करत होत्या. मधुसूदनरावांना वाटलं, आपण उठून बाहेर जावं. इतकी वर्षं शब्द तोलून मापून वापरले, आणि हा एक वापरताना समोर माणूस आहे हे आपल्याला दिसलंच नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

रंभाबाई इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होत्या. आता त्या पुढे झाल्या आणि सोनिकाच्या समोर बसल्या. गावात नवी बाई भेटली की विचारतात, तशा साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती झाले वं तुले?"

सोनिकाने त्यांच्याकडे पाहिलं.

"एक झाली," ती म्हणाली. "आता नाही."

"मले चार झाले," रंभाबाई म्हणाल्या. "दोन हायेत. हा न् याची बहीण." आणि त्या उठून चुलीवरची कढी बघायला गेल्या.

कुणी काही ठरवलं नाही. होकारही नाही, नकारही नाही. बाबाराव मात्र हळूहळू सैल होत गेले, कारण जेवल्याशिवाय जायचं नाही असं आतून सांगण्यात आलं होतं, आणि नकार द्यायचा असता तर कढी केली नसती, एवढं त्यांना कळत होतं. मधुसूदनराव झाले-हायेत, झाले-हायेत असं मनात घोळवत बसले. इंग्रजीत हे कसं लिहावं, याचा विचार त्यांच्या डोक्यात सुरू झाला आणि त्यांनी तो थांबवला. जेवणं झाल्यावर प्रीतम म्हणाला, गिऱ्हाईक ताटकळलं आहे, मी गिरणी सुरू करतो. तो उठून गिरणीच्या दाराशी गेला.

तेवढ्यात शेजारची एक म्हातारी डोक्यावर भाताचं छोटं पोतं घेऊन अंगणात आली. ओट्यावर इतकी माणसं पाहून तिने पोतं खाली ठेवलं आणि रंभाबाईंना विचारलं, पाहुणे कुठले?

"नागपूरचे," रंभाबाई म्हणाल्या. "प्रीतमसाठी पोरगी हाये ही. एक लेकरू झालं होतं तिले, तापात गेलं." मग त्या सोनिकाकडे वळल्या. "नाव काय ठेवलं होतं वं?"

बाबारावांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"चिन्मयी," सोनिका म्हणाली. आवाज पुरता निघाला नाही म्हणून तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. "चिन्मयी. आम्ही चिनू म्हणत होतो."

म्हातारीने ते नाव स्वतःच्या जिभेवर घोळवून पाहिलं, तिला ते नीट जमलं नाही. ती सोनिकाच्या शेजारी ओट्यावर टेकली आणि म्हणाली, कोणावर गेली होती, तुह्यावर का बापावर? सोनिका म्हणाली, नाक माझं होतं, पण झोपायची बापासारखी, पालथी. आणि ती सांगत गेली.

गिरणीच्या दाराशी प्रीतमचा हात बटनावर होता. गिरणी सुरू झाली असती तर ओट्यावरचं काही ऐकू आलं नसतं. त्याने हात खाली घेतला आणि तिथेच, भाताच्या पोत्यावर, तो ऐकत बसला.